चमच्यावरून न ओघळणारा चहा

ठाण्याच्या हॉस्पिटलात त्या तरुण मुलीने माझ्या डोळ्यांदेखत चहाचा कप उपडा केला आणि चहा पडला नाही. म्हणजे शेवटी पडला, पण किती वेळाने! आधी कपाच्या काठाशी आला, तिथे लोंबकळत राहिला, आणि मग एकसंध गोळा होऊन खालच्या ताटलीत उतरला. बाबा माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी त्या गोळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"हा चहा?" त्यांनी विचारलं.

"हो काका," ती मुलगी म्हणाली. "यापुढे असाच."

ती गिळायला शिकवणारी थेरपिस्ट होती. असा काही व्यवसाय असतो हेच मला तोवर माहीत नव्हतं. बाबांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता, सौम्य. तोंड जरासं वाकडं झालं होतं ते सरळ झालं, उजवा हात पुन्हा चालायला लागला, बोलणं तर पहिल्यापासून शाबूत. थोडक्यात निभावलं म्हणून आम्ही देवापुढे पेढे ठेवून मोकळे झालो होतो. मग लक्षात आलं की बाबांना पोळीभाजी जाते, वरणभात जातो, पण पाण्याचा घोट घेतला की ठसका लागतो आणि चेहरा लालबुंद होतो. मी आईला म्हटलंसुद्धा, "हे उलटं नाही का गं? पाण्यात अडकण्यासारखं आहे काय?"

त्या मुलीने ते समजावून सांगितलं. "ताई, पाणी फार पळतं. गिळताना श्वासनलिकेवर झाकण पडतं ना, ते काकांचं आता जरा उशिरा पडतं. तेवढ्यात पाणी आत शिरतं. ठसका लागला तर निदान कळतं तरी. कधीकधी ठसकाही लागत नाही, गुपचूप फुप्फुसात उतरतं. ते जास्त वाईट. म्हणून पाणी, चहा, ताक, सगळं घट्ट करायचं. सावकाश उतरलं पाहिजे. चमचा तिरका केला तर ओघळ लागता कामा नये."

बाबा हे ऐकून खट्टू झाले, आणि मी तोंडात बोटं घालून बसले. चमचा तिरका करून ओघळ बघणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्याची प्रयोगशाळा मी सांभाळते. रंग डब्यात किती घट्ट राहतो, ब्रशखाली किती सैल होतो आणि भिंतीवर लागल्यावर किती लवकर जागच्या जागी थांबतो, हे मोजण्यात माझी उमर गेली. आणि आता कोणीतरी मला सांगत होतं की माझ्या बापाचा जीवही त्याच गोष्टीवर आहे.

रंगाबद्दल लोकांची समजूत असते की ते रंगीत पाणी असतं. तसं नसतं. पाण्यात कण असतात, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक, आणि दाटीवाटीने कोंबलेले. स्वस्थ ठेवलं की ते एकमेकांना धरून बसतात. ढवळायला लागलं की एकमेकांना सोडतात, रांगेने सरकायला लागतात, आणि मघाशी दह्यासारखा बसलेला रंग ताकासारखा वाहतो. हात थांबवला की परत धरून बसतात. आमची सगळी विद्या या धरण्यासोडण्यात आहे.

दाटी फारच झाली तर मात्र हेच कण भलतंच वागतात. मी नोकरीला नवीन असताना आमच्या शॉपफ्लोअरवर, म्हणजे माल बनतो तिथे, एक अलिखित नियम होता: माल जाड झाला की ढवळणाऱ्या पात्याचा स्पीड वाढवायचा. एरवी तो बरोबरच असायचा. एक दिवस पिंपातल्या पांढऱ्या रंगाच्या लगद्यात पाणी कमी पडलं होतं. ऑपरेटरने माझ्या वरिष्ठांना ओरडून विचारलं, "साहेब, जाड झालाय, वाढवू का?" साहेब म्हणाले, "वाढव." त्याने वाढवला आणि मोटर कण्हायला लागली. लगदा पात्याला घट्ट आवळून बसला आणि पात्याबरोबर अख्खं पिंप गरगर फिरायला लागलं. माणसं जीव घेऊन पळाली. कोणीतरी मेन स्विच पाडला. थोड्या वेळाने मी भीतभीत आत डोकावले, तर पिंपात दूध असावं तसा सपाट, पातळ, निरागस लगदा! मी दांडा घातला, अलगद गेला. घाईने ओढला, तर आतून कोणी मनगट धरावं तसा धरला गेला. मी दांडा तिथेच सोडून मागे सरले. कण हळू ढकलले तर एकमेकांना वाट देतात, घाई केली तर एकमेकांत अडकून दगड होतात, हे नंतर पुस्तकात वाचलं. पण त्या दिवसापासून घट्ट वस्तूच्या नुसत्या दिसण्यावर माझा विश्वास उरला नाही.

हॉस्पिटलातून येताना घट्ट करायच्या पावडरीचा एक डबा दिला होता. तो आईने दोन दिवसांत बाजूला ठेवला. म्हणाली, "बुळबुळीत होतं गं सगळं. आणि वास बघ कसला येतोय. आपल्याकडे आरारूट नाही का?"

आमच्याकडे आजारी माणूस म्हटलं की आरारूट. ताप आला, आरारुटाची लापशी. पोट बिघडलं, आरारूट. तान्ह्या बाळाला वरचं सुरू करायचं, आरारूट. आईने जे हाताने केलंय त्यावर तिचा जेवढा भरवसा, तेवढा कुठल्या डब्यावर नाही. मी थेरपिस्टला फोन केला. ती म्हणाली, डबा बरा, पण घरचं वापरणारच असाल तर जाडी रोज तीच राहिली पाहिजे. जाडी? ती तर माझ्या हातातली गोष्ट. आईने केलेला घट्ट चहा मी छोट्या डबीतून प्रयोगशाळेत नेला.

आमच्याकडे एक यंत्र आहे. दोन गोल चकत्या, त्यांच्यामध्ये चमचाभर नमुना. वरची चकती फिरते, आणि फिरवायला किती जोर लागला ते पडद्यावर रेघेत उमटतं. हळू फिरवा, जोरात फिरवा, थांबवा, परत फिरवा. रंगाचं वागणं त्या रेघेत कळतं. चहा ठेवला तेव्हा शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "मॅडम, नवीन शेड का? मसाला चहा?" हसा म्हटलं, हसा. रेघ सुरेख आली. आईच्या हाताला मोजमाप लागत नाही हे मला तेव्हा पटलं.

बाबांना मात्र काही पटलं नव्हतं. ठाण्याच्या कोर्टात त्यांनी नोकरीचं सगळं आयुष्य काढलं, आणि तिथल्या सगळ्या गोष्टी विसरले तरी दुपारी चारचा चहा विसरले नाहीत. आलं घालून कडक उकळलेला, बशीत ओतून फुर्र करून प्यायचा. आता बशीत ओतायला काही वाहतच नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी चमचा उभा करून बघितला.

"ही खळ आहे," ते आईला म्हणाले. "याने भिंतीला पोस्टरं चिकटवा."

"अहो, आलं घातलंय," आई म्हणाली.

"मग आल्याची खळ आहे."

रोज चार वाजता हे नाटक. अर्धा कप तसाच परत. तोंडावर अशी कळा की बघवत नसे. सुट्टीच्या दिवशी मी समोर बसून एकेक चमचा भरवल्यासारखं करायचे आणि ते लहान मुलासारखे मान फिरवायचे.

मग एकदम तक्रार बंद झाली. बाबा म्हणाले, "मला गॅलरीत निवांत पिऊ दे. पेपर वाचत पितो. तुम्ही दोघी समोर पहारा देत बसता, त्याने घास उतरत नाही." आम्ही दिलं. कप रिकामा यायला लागला, तळापर्यंत. बाबांचा चेहरा उजळला. एक दिवस तर गॅलरीतून फुर्र असा आवाजही आल्यासारखं वाटलं, पण मी म्हटलं, पेपरची घडी असेल. माणसाला सवय होते, हे मी ऑफिसात चार जणींना सांगितलं.

दोनेक महिन्यांनी त्यांना संध्याकाळी कणकण यायला लागली. खोकला आला, छातीत घरघर. आमच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढायला सांगितला आणि तो उजेडावर धरून उजव्या बाजूला खाली पेन ठेवलं. तिथे ढगासारखा पांढरा डाग होता.

"आजोबांच्या छातीत काहीतरी उतरतंय," ते म्हणाले. "पातळ काही देता का?"

"छे!" मी म्हटलं. "पाण्याचा थेंबसुद्धा घट्ट करून देतो."

"मग हे आलं कुठून? या वेळी औषधाने जाईल. पण हे असंच चालू राहिलं तर या वयात मी खात्री देऊ शकत नाही. स्पष्टच सांगतो, माणूस यात जातो."

बाबा शेजारीच बसले होते, शर्टाची बटणं लावत. रिक्षातून घरी येईपर्यंत मी एकच विचार करत होते: घट्ट देतोय, मोजून देतोय, मग उतरतंय काय? आणि घरात शिरल्या शिरल्या मला उत्तर सापडलं असं वाटलं. आई.

"तूच देतेस," मी स्वयंपाकघरात जाऊन तिच्यावर बरसले. "त्यांनी तोंड पाडलं की तुझा जीव कळवळतो. मी ऑफिसला गेले की तू पातळ चहा करून देतेस. आई, मरतील ते त्याने! कळतंय का तुला?"

आई सिंकपाशी उभी होती. "मी पातळ देत नाही गं," एवढंच म्हणाली. एरवी एक बोललं तर दोन ऐकवणारी बाई, त्या दिवशी खाली मान घालून भांडी विसळत राहिली. मी त्याचा सरळ अर्थ काढला की चोर सापडला.

त्या रविवारी चहा मी स्वतः केला. आईला गॅसजवळ फिरकूही दिलं नाही. आरारूट मीच कालवलं, मीच शिजवलं, चमचा तिरका करून बघितला. ओघळ नाही. कप बाबांच्या हातात दिला आणि आत कपड्यांच्या घड्या घालत बसले. थोड्या वेळाने गॅलरीत गेले तर बाबा खुर्चीत डुलकी काढत होते आणि स्टुलावर कपात तळाशी थोडा चहा उरला होता. मी कप उचलला. आतला चहा या काठापासून त्या काठापर्यंत सळकन गेला.

मी कप परत तिरका करून बघितला. मी केलेला चहा. माझ्या हातचा. मघाशी कप उपडा केला असता तर पडला नसता, आणि आता बोट बुडवलं तर थेंब टपटप पडत होते. भुताटकीवर माझा विश्वास नाही, पण त्या क्षणी कोणी भुताटकी म्हटलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं.

डोकं जरा ताळ्यावर आलं तेव्हा मी स्वतःला समजावलं: बाबा ढवळत बसत असतील. ढवळलं की सैल होणारच, त्यात नवल काय? स्वस्थ ठेवलं की परत घट्ट होईल. कप ओट्यावर ठेवला. पोळ्या झाल्या, जेवणं झाली, ओटा पुसून झाला. चहा पाण्यासारखाच. मी तो डबीत भरून फ्रिजमध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पर्समधून कारखान्यात घेऊन गेले. सोबत सकाळी आईने केलेल्या ताज्या चहाची दुसरी डबी.

आधी ताजा ठेवला. यंत्र शक्य तेवढं जोरात फिरवलं, बराच वेळ. चहा सैल झाला, रेघ खाली आली. थांबवलं. रेघ हळूहळू वर चढली, अगदी होती तिथे नाही, पण बरीचशी. शहाण्या मुलासारखं वागला तो चहा. मग बाबांचा ठेवला. रेघ तळाला. हळू फिरवलं, तळाला. जोरात फिरवलं, तळाला. थांबवून वाट बघितली. काही नाही. जे ढवळल्याने सुटतं ते सोडल्यावर परत धरतं. हे धरत नव्हतं. याचा अर्थ कण एकमेकांपासून नुसते सुटले नव्हते, कणच उरले नव्हते. कोणीतरी ते पचवून टाकले होते.

पचवून. हा शब्द मनात आला आणि मला शाळा आठवली. शाळेत सगळ्यांनी केलेला प्रयोग. परीक्षानळीत पिठाचं पाणी, त्यात आपलीच लाळ, थोडा वेळ थांबायचं, आणि मग आयोडिनचा थेंब टाकला तरी निळा रंग येत नाही, कारण लाळेने पीठ पचवलेलं असतं. आरारूट म्हणजे तरी काय, पीठच. चहात लाळ जात होती.

पण हे शक्यच नव्हतं! आमच्या घरात उष्ट्याचं जेवढं स्तोम होतं तेवढं क्वचित कुठे असेल. लहानपणी मी कैरीच्या लोणच्यात चाटलेला चमचा परत घातला होता, तर बाबांनी नवीकोरी भरलेली बरणी उचलून खाली नेऊन रिकामी केली होती. तोंडाला लावलेलं भांडं ते स्वतः वेगळं ठेवायचे. आजारपणातसुद्धा आईच्या पेल्यातलं पाणी प्यायले नाहीत. हा माणूस उष्टा चमचा कपात घालेल? मी ते स्वतःशीसुद्धा कबूल करेना.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि चारच्या आधी घरी आले. आतल्या खोलीच्या खिडकीचा पडदा जरासा सरकवला की गॅलरीतली खुर्ची दिसते. स्वतःच्या बापावर पाळत ठेवताना माणसाला कसं वाटतं ते सांगण्यासारखं नाही.

बाबांनी पेपर मांडीवर पसरला. कपातला चमचा उचलून तोंडात घातला आणि तसाच धरून बसले, गाल आत ओढून. मग चमचा कपात घालून हळूहळू फिरवला, कडेकडेने, तळापासून. बाहेर काढून परत तोंडात. परत कपात. मग कप स्टुलावर ठेवून ते चक्क पेपर वाचायला लागले. काही वेळाने कप तिरका करून बघितला, मान हलवली, परत चमचा तोंडात. हे असं किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी त्यांनी कप तिरका केला आणि त्यांचा चेहरा फुलला. चहा बशीत ओतला. तो वाहिला. बशी दोन्ही हातांनी ओठांशी नेऊन त्यांनी डोळे मिटले.

"बाबा!" मी पडदा सारून ओरडले.

ते दचकले नाहीत. घोट गिळला, जरासे खोकले, बशी खाली ठेवली.

"कळलं एकदाचं," ते म्हणाले. "मला वाटलं होतं फार आधी कळेल. तू त्याच कामातली ना?"

"हे काय चालवलंय? उष्टा चमचा? तुम्ही?"

"पहिल्यांदा चुकून झालं गं. चमचा तोंडात राहिला, विसरून परत कपात घातला. शिसारी आली, म्हणून कप बाजूला ठेवला. नंतर बघतो तर चहा मोकळा झालेला. बशीत ओतून बघितला, वाहिला." त्यांनी बशीकडे बोट दाखवलं. "चहा होता तो. खळ नव्हती."

"तो तुमच्या छातीत जातोय, बाबा. एक्स-रेमध्ये दिसलं ते हेच. डॉक्टर काय म्हणाले..."

"मी शेजारीच होतो. माणूस यात जातो म्हणाले."

मी त्यांच्या हाताजवळची बशी बाजूला सरकवली. मला वाटत होतं की त्यांना कळत नाहीये. मी समजावणार होते, चित्र काढून दाखवणार होते. आणि ते सगळं ऐकून, समजूनही चार वाजता परत चमचा तोंडात धरून बसले होते. आधी मला संताप आला, मग इतकं रडू आलं की गॅलरीच्या कठड्याला धरून मी रडले. मला एवढं कळत होतं की मला माझे बाबा जिवंत हवे आहेत, आणि त्यांना ते माझ्याइतकं हवं नाहीये.

मागे दारात आई येऊन उभी होती.

"आई, बघितलंस? हे बघितलंस काय करतायत?"

"कप मीच विसळते ना," आई म्हणाली.

म्हणजे कपाच्या तळाचा पातळ चहा ती रोज बघत होती. तिला ठाऊक होतं. मी तिला तोंडाला येईल ते बोलले त्या दिवशीही ठाऊक होतं. ती सिंकपाशी उभी राहून माझं सगळं ऐकून घेत होती, कारण मी तिच्यावर संशय घेत होते तोवर बाबांचा चहा सुरक्षित होता.

"तू गप्प बसलीस? त्यांच्या जिवाशी खेळ आहे हा!"

"मला काय सांगतेस?" आई फणकारली, आणि लगेच तिचा आवाज उतरला. "रोज देवाला म्हणते, आजचा दिवस जाऊ दे. पण ते कधी हसत होते का, सांग? त्या चहानंतर हसतात."

भांडण पुढे गेलं नाही. संध्याकाळी मी सरळ रिक्षा करून कल्याणला गेले, स्टेशनजवळच्या होलसेल औषधवाल्याकडे. आईने बाजूला ठेवलेल्या डब्यातली पावडर ओल धरून गेली होती, म्हणून तसलाच नवा डबा घेतला. त्यात पीठ नसतं, गोंदाच्या जातीची पावडर असते, हे मी एव्हाना वाचून काढलं होतं. लाळ तिला काही करू शकत नाही. खरं तर वाचायची गरजही नव्हती. हाच गोंद आमच्या रंगात पडतो, मी त्याला चांगली ओळखते. ढवळला की सैल होतो, सोडला की पुन्हा धरतो, आणि वर्षानुवर्षं डब्यात राहिला तरी हटत नाही.

खात्री म्हणून मी त्यात केलेला चहा कारखान्यात नेला. दार लावून घेतलं, चमचा तोंडात धरला, बाबा करायचे तसंच केलं आणि यंत्रावर ठेवला. रेघ जागची हलली नाही. एरवी अशी रेघ आली की मी खूश होते. त्या दिवशी मी ती रेघ बघत बसले आणि मला स्वतःची भीती वाटली.

त्या दिवशीही अर्धी रजा टाकून घरी आले आणि चार वाजता कप मी नेऊन दिला. या वेळी लपले नाही, समोर वेताच्या मोढ्यावर बसले. आई आतच होती. बाबांनीही लपवलं नाही. चमचा तोंडात धरला, कपात फिरवला, थांबले. परत धरला, परत फिरवला. पेपर वाचल्यासारखं केलं. कप तिरका केला. गोळा काठाशी आला आणि तिथेच थांबला. त्यांनी पुन्हा चमचा तोंडात घातला, या वेळी जास्त वेळ.

"हा मोकळा होत नाही?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाही, बाबा."

"कितीही वेळ ठेवला तरी?"

"नाही. हा वेगळा आहे. आमच्या रंगात घालतो, त्यातला."

"अस्सं." ते जरा हसले. "म्हणजे पक्का आहे."

त्यांनी एकेक चमचा घेऊन तो कप संपवला. औषध घेतात तसा, मध्ये न थांबता. तळ खरवडून काढला. मग चमचा कपात ठेवला, कप माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "उद्यापासून मला चहा नको."

मला वाटलं रुसवा आहे, दोन दिवसांत जाईल. तो रुसवा नव्हता. घट्ट पाणी ते घेतात, घट्ट ताक घेतात, औषधं वेळेवर घेतात, मला कसलाच त्रास देत नाहीत. चहाचं नाव काढत नाहीत. चार वाजता गॅलरीत जातात आणि पेपर वाचतात. आईनेही दुपारचा चहा सोडला. कारण विचारलं तर म्हणाली, "एकटीसाठी कोण आधण ठेवतंय?"

ताप परत आला नाही. पुढच्या एक्स-रेत तो पांढरा ढग कुठेच नव्हता. डॉक्टरांनी जुनी आणि नवी फिल्म शेजारी शेजारी धरली आणि मोकळेपणाने हसले.

"एकदम साफ! आजोबा, नशीबवान आहात. मुलीने फार छान काळजी घेतली तुमची."

"हो," बाबा म्हणाले. "फार काळजी घेते ती."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं टोमणा असेल, निदान डोळ्यांत तरी असेल. नव्हता. ते अगदी मनापासून म्हणाले होते.